सरसाच्या भरंवशावर : प्लायवुडाच्या व फोमच्या विमानांची हकीकत

गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतल्या कोणत्याही पेठेंत, मग ती पुण्याची असो कीं कर्जतसारख्या तालुक्याच्या गांवची असो, मखरें करणाऱ्या कारागिरांची लगबग उडत असे. आणि त्या लगबगींत एक साधन हटकून दृष्टीस पडे. धनुकलीच्या आकाराच्या चौकटीला ताणून बसविलेली एक बारीक तार, आणि तींत वीज खेळवून ती तापविण्याची सोय. ही तापलेली तार थर्मोकोलच्या ठोकळ्यांतून लोण्यांत बोट फिरावें तशी फिरे, आणि बघतां बघतां कमानी, खांब, मोर व कमळें तयार होत. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली व हा धंदा मागें पडला. परंतु अशाच तापलेल्या तारेनें १९७५ सालीं अमेरिकेंतील मोहावीच्या वाळवंटांत बर्ट रुटान नांवाच्या अभियंत्यानें विमानाचे पंख कापले, आणि तें विमान माणसाला घेऊन उडालें, असें सांगितलें तर मखर करणाऱ्यालाही तें क्षणभर खरें वाटणार नाहीं.

न वाटण्याचें कारण उघड आहे. फोम हा ठिसूळ, बोटानें दाबला तर खचणारा पदार्थ. तथापि नगरच्या दुष्काळी पट्ट्यांत ज्यानें ज्वारीचें ताट हातांत धरलें आहे त्याला ह्या विद्येचें मूळ फार समजावून द्यावें लागणार नाहीं. ताटाची साल कडक व पातळ. आंतलें भेंड पांढरें, हलकें, जवळजवळ निःसत्त्व. नुसती साल सोलून घेतली तर ती हवी तशी वांकते. नुसतें भेंड पोराच्या चिमटींत चुरगळतें. दोन्ही एकत्र असलीं म्हणजे तेंच ताट पुरुषभर उंचीवर कणसाचा भार घेऊन वाऱ्यांत उभें राहतें. विमान बांधणाऱ्यांनीं हीच युक्ति उचलली. पंख वरच्या बाजूस वांकूं लागला कीं त्याचें खालचें आवरण ताणलें जातें व वरचें दाबलें जातें. मधला गाभा स्वतः फारसा भार घेत नाहीं. पण तो दोन आवरणांना ठराविक अंतरावर धरून ठेवतो आणि दबणाऱ्या आवरणाला सुरकुती पडूं देत नाहीं. हें अंतर दुप्पट केलें तर पंखाचा ताठपणा सुमारें चौपट होतो, आणि वजन वाढतें तें गाभ्याच्या हलक्या पदार्थापुरतेंच.

ह्या रचनेंत एक नाजूक जागा आहे. साल आणि भेंड निसर्गानें एकजीव वाढविलेलीं असतात. विमानांत तीं सरसानें जोडावीं लागतात. सांधा सुटला कीं उरते ती नुसती साल आणि नुसतें भेंड. आणि हा सांधा एकदां मिटला म्हणजे डोळ्यांना दिसत नाहीं. लोखंडी पुलाचे खिळे मोजतां येतात, भिंतीची तडे गेलेली वीट दाखवितां येते. चिकटलेल्या दोन थरांच्या मध्यें काय घडलें आहे तें ज्यानें तो सांधा केला त्यालाच ठाऊक, आणि कित्येकदां त्यालाही नाहीं.

प्लायवुडाची कथा अर्थातच फोमच्या आधींची. लांकूड तंतूंच्या दिशेनें बळकट आणि आडवें कमकुवत. म्हणून त्याचे पातळ थर, तंतूंची दिशा काटकोनांत फिरवून, विषम संख्येनें एकावर एक चिकटवावयाचे, कीं तो तक्ता कोणत्याच बाजूनें सहज फाटत नाहीं. १९१२ सालीं फ्रान्समधील देपेर्द्युसाँ कंपनीच्या शर्यतीच्या विमानाचें धड असेंच सांच्यावर लांकडाचे थर चिकटवून केलेलें होतें. आंत चौकटींचें जाळें उभारण्याऐवजीं अंड्याच्या कवचाप्रमाणें आवरणानेंच भार घ्यावा, अशी ही कल्पना. आणि पुढच्याच वर्षीं त्या जातीचें विमान ताशीं २०० किलोमीटरांच्या पलीकडे गेलें.

हें ज्ञान घराघरांत नेण्याचा उद्योग आंरी मिन्ये ह्या दुसऱ्या एका फ्रेंच गृहस्थानें केला. ज्याला लांकडी खोकें ठोकतां येतें त्याला विमानही बांधतां आलें पाहिजे, असा त्याचा भरंवसा होता. १९३३ सालीं त्याचें प्लायवुडाचें छोटें विमान उडालें, १९३४ सालीं त्याचें पुस्तक निघालें, आणि फ्रान्स व इंग्लंड ह्या देशांत गाडीखान्यांतून व परसांतून शेंकडों लोक करवत घेऊन बसले. ‘आकाशांतली पिसू’ असें त्या विमानाचें लाडकें नांव पडलें होतें. पण लवकरच माणसें मरूं लागलीं. १९३६ सालीं दोन्ही देशांत पुऱ्या आकाराचें विमान वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून तपासलें, तेव्हां दिसून आलें कीं, विशिष्ट कोनाच्या पलीकडे नाक खालीं गेलें म्हणजे पुढचा व मागचा पंख एकमेकांच्या हवेंत असे अडकतात कीं वैमानिकाला नाक पुन्हा वर काढतांच येत नाहीं. लांकडाचा किंवा सुताराचा ह्यांत दोष नव्हता. आराखडाच चुकला होता. तरी ह्या प्रकरणानें घरीं बांधलेल्या विमानावर जो कलंक लागला तो पुष्कळ वर्षें पुसला गेला नाहीं.

ह्या विद्येचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र हौशी मंडळींनीं नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धानें करविला. आणि त्या प्रयोगाचा कसोटीचा प्रसंग हिंदुस्थानांतच यावा हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडमध्यें ॲल्युमिनिअमची टंचाई, तर सुतार मात्र मुबलक. डी हॅविलंड कंपनीनें खुर्च्या-कपाटें करणाऱ्या कारागिरांना कामास लावून ‘मॉस्किटो’ हें लढाऊ विमान लांकडाचें बांधलें. तें प्रथम २५ नोव्हेंबर १९४० रोजीं उडालें. त्याचें धड दोन उभ्या फांकींत, सांच्यावर घडवीत : बाहेर बर्चच्या प्लायवुडाचें आवरण, आंत तसेंच दुसरें, आणि मध्यें बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लांकडाचा गाभा. फोमच्या विमानाचा हा खरा पूर्वज. असलीं ७,७८१ विमानें झालीं, आणि वेगांत तीं भल्या भल्या धातूच्या विमानांना मागें टाकीत.

हीं विमानें हिंदुस्थानांतील तळांवरून ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे उडूं लागलीं, आणि १९४४ च्या उत्तरार्धांत त्यांपैकीं कांहीं हवेंतच मोडून पडलीं. पंखाचें वरचें आवरण मुख्य तुळईपासून उचकटलें होतें. आरंभीचा सरस केसिनचा, म्हणजे दुधांतील घन अंशापासून केलेला. त्याला ओल लागली कीं बुरशी धरते, हें सर्वांस ठाऊक. तेव्हां पहिला संशय सरसावर, दुसरा उन्हापावसावर, आणि तिसरा वाळवीवर गेला. कंपनीकडून मेजर हेरवर्ड डी हॅविलंड चौकशीस हिंदुस्थानांत आले. डिसेंबरच्या आरंभीं त्यांनीं निर्णय दिला तो असा कीं, सरस बिघडलेला नाहीं, पावसाळी हवेनें लांकूड आकसलें व त्यामुळें अपघात झाले. म्हणजे अपराधी ठरला तो मान्सून.

परंतु पुढें इंग्लंडमध्यें झालेल्या चौकशींनीं निराळेंच सत्य बाहेर काढलें. ज्या विमानांनीं मान्सूनचा एक थेंब पाहिला नव्हता, ज्यांच्या आसपास वाळवी कधीं फिरकली नव्हती, त्यांतही तेच दोष आढळले. हॅटफील्ड आणि लीव्हझडन येथील कारखान्यांत सांधे नीट चिकटविलेलेच नव्हते. कारागिरीचा दर्जा पुरेसा नव्हता, असें तपासणाऱ्यांनीं स्पष्ट नोंदविलें. तरीही विमानावरचा वैमानिकांचा विश्वास उडूं नये म्हणून विमानखात्यानें जाहीर धोरण ठेवलें तें ‘मुख्यतः हवामान’ ह्याच कारणाचें. पंखाच्या सांध्यावर लांबच लांब प्लायवुडाची पट्टी मारून ओल आंत शिरण्याची वाट बंद करण्यांत आली, आणि विमानें पुन्हा उडूं लागलीं. उपाय कामचलाऊ व उपयोगी होता. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण हॅटफील्डच्या बाकावर झालेली कसूर बंगालच्या पावसाच्या माथीं मारली गेली, हें इतिहासानें विसरतां कामा नये. जीं माणसें त्या विमानांतून खालीं आलीं त्यांना मान्सूननें मारलें नव्हतें.

ह्या प्रकरणानें एक प्रश्न मात्र लोकांच्या मनांत रुजवून ठेवला, तो म्हणजे चिकटविलेलें लांकूड आपल्या हवेंत टिकतें कीं नाहीं. त्याचें उत्तर देशांत, आणि मुख्यतः पुण्यांत मिळालें. महाराष्ट्रांतील विमानबांधणीचा विषय निघाला कीं १८९५ सालीं चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनीं विमान उडविल्याची गोष्ट कोणीतरी काढतोच. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा नाहीं, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगतात त्यांतील आकृति उडण्याजोग्या नाहींत असें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दाखवून दिलें आहे. अभिमानास जागा हवी असेल तर ती कोल्हापुराकडे आहे. हसूरचंपू गांवीं १९०८ सालीं जन्मलेले विष्णु माधव घाटगे जर्मनींत गटिंगेन येथें लुडविग प्रांटल ह्यांच्या हाताखालीं वायुगतिशास्त्र शिकले. १९४० सालीं सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगळुरास विमानाचा कारखाना काढला, त्यांत ते दाखल झाले; आणि १९४१ सालीं त्यांच्या आराखड्यावरून दहा माणसें बसतील असें बिनइंजिनाचें विमान, म्हणजे ग्लायडर, तयार झालें. पुढें १९५१ सालीं उडालेलें एच्‌टी-२ हें शिकाऊ विमानही त्यांचेंच.

स्वातंत्र्यानंतर मुलकी विमानखात्याच्या तंत्रकेंद्रांत एस. राममृतम् ह्यांनीं ग्लायडरांची एक मालिकाच आंखली, आणि त्यांना नांवें दिलीं नक्षत्रांचीं : अश्विनी, रोहिणी, कार्तिक, भरणी, मृगशीर. रोहिणी आणि मृग हीं नांवें उच्चारतांच शेतकऱ्याला पाऊस आठवतो, आणि लांकडाच्या विमानाला पावसाळी नक्षत्राचें नांव देणाऱ्याच्या धीटपणाचें कौतुक वाटतें. १९६१ सालीं उडालेलें ‘रोहिणी’ शेजारीं शेजारीं बसणाऱ्या गुरुशिष्यांसाठीं होतें. लांकूड, प्लायवूड आणि कापड हाच त्याचा देह. पुण्याच्या हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रांत कित्येक पिढ्यांनीं ह्याच ‘रोहिणी’वर पहिले धडे घेतले. नवा कृत्रिम राळेचा सरस, जो ओलीनें कुजत नाहीं. आंतलें पाणी निथळून जाण्यास बारीक छिद्रें. आणि विमान उघड्यावर न ठेवतां छपराखालीं ठेवण्याची शिस्त. एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्यावर मान्सूननें कांहीं केलें नाहीं.

आतां घरच्या विमानाकडे वळूं. १९७२ सालीं कॅलिफोर्नियांत केन रँड ह्यानें केआर-१ हें लहानगें एकआसनी विमान उडविलें. त्यांत जुनें आणि नवें ह्यांची गांठ पडली आहे. धडाची पेटी प्लायवुडाची, पंखाच्या तुळया लांकडाच्या. म्हणजे भार घेणारा सांगाडा सुताराचा. पण पंखाच्या फासळ्यांमधील जागा फोमनें भरून, किसणीनें व पॉलिश कागदानें घांसून हवा तो बाक आणावयाचा, आणि त्यावर कापड घालून इपॉक्सी राळ फांसावयाची. पुढें ढोलीच्या मोटारगाडीचें, म्हणजे फोक्सवॅगनचें इंजिन. विमानाचा बाक हा पूर्वीं फार कसबी कारागिराचें काम असे; तो आतां कोणत्याही धीराच्या माणसाच्या आटोक्यांत आला.

रुटाननें ह्याच्याही पुढें जाऊन लांकूडच काढून टाकलें. त्याचें पहिलें विमान प्लायवुडाचेंच होतें. तेव्हां तो लांकडाचा तिटकारा करणारा नव्हता. पण ‘व्हेरीईझी’ ह्या १९७५ च्या विमानांत सबंध पंख फोमच्या ठोकळ्यांतून कापला गेला. कापण्याची रीत मोठी मौजेची आहे. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे साचे ठोकतात, आणि त्यांच्या कडेवर सारखे आंकडे घालतात. दोघेजण तापलेल्या तारेचीं दोन टोकें धरतात. एकजण आंकडे मोठ्यानें म्हणतो व दोघेही बरोबर त्या त्या आंकड्यावर पोंचतात. एकाचा हात पुढें आणि दुसऱ्याचा मागें राहिला कीं पंख वांकडा. मग त्या गाभ्यावर काचतंतूंचें कापड, कांहीं थर तिरके व कांहीं लांबीच्या दिशेनें, इपॉक्सीनें बसवावयाचें. राळ कमी झाली तर सांधा कोरडा. जास्त झाली तर वजन वाढतें आणि बळ मुळींच वाढत नाहीं. कापडावरून रबराची पट्टी ओढून जादा राळ निपटून काढतांना बांधणाऱ्याची खरी परीक्षा होते.

पदार्थांच्या स्वभावाचेंही भान ठेवावें लागतें. मखराचा पांढरा, दाणेदार थर्मोकोल येथें चालत नाहीं. एकसंध दाबून काढलेला घट्ट फोमच पाहिजे. इपॉक्सीऐवजीं स्वस्त पॉलिएस्टर राळ वापरली तर ती ह्या फोमला चक्क विरघळवून टाकते. पेट्रोलही तेंच करतें, म्हणून टाकीच्या भागांत निराळ्या जातीचा फोम घालतात. आणि असलीं विमानें बहुधा शुभ्र दिसतात तीं शोभेसाठीं नव्हे. गडद रंग उन्हांत तापतो, व तापली कीं राळ आणि फोम दोन्ही मऊ पडतात. मोहावीच्या वाळवंटांत हें जितकें खरें तितकेंच एप्रिलच्या कर्जतांतही खरें.

१९७९ सालीं रुटानचें ‘लाँगईझी’ उडालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याचा भाऊ डिक ह्यानें ह्या फोमच्या विमानांतून न उतरतां ४,८०० मैल फेऱ्या मारल्या. १९८६ सालीं ह्याच घराण्याच्या ‘व्हॉयेजर’नें, ज्याच्या दोन कातड्यांमध्यें मधमाशांच्या पोळ्यासारखा कागदी गाभा होता, वाटेंत कोठेंही न थांबतां व इंधन न घेतां नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. मात्र त्याच्या आदल्या वर्षींच, १९८५ सालीं, रुटाननें हौशी मंडळींना आराखडे विकणें थांबविलें होतें. कोणीं तरी आपल्या अंगणांत केलेल्या सांध्याची जबाबदारी न्यायालयांत आराखडा काढणाऱ्याच्या गळ्यांत पडूं शकते, ही भीति त्याच्या मुळाशीं होती.

ही भीति पोकळ नव्हती. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरांत एका लाँगईझीसह पडून मरण पावला. विमान दुसऱ्या एका हौशानें बांधलेलें, डेन्व्हरनें नुकतेंच विकत घेतलेलें. आराखड्यांत इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्यें दाखविली होती. बांधणाऱ्यानें ती डाव्या खांद्याच्या मागें नेऊन बसविली. ती फिरवावयास मागें वळतांना पाय भलतीकडे दाबला गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. पंख शेवटपर्यंत शाबूत होते. फोम, काच, राळ ह्यांनीं आपलें काम केलें. एका कळीची जागा माणसानें बदलली होती.

म्हणूनच जुने जाणते बांधणारे दोन गोष्टींवर हट्ट धरतात. सरसाच्या किंवा राळेच्या प्रत्येक घाण्याबरोबर दोन चिटोऱ्यांचा नमुना सांधा करून ठेवावा, वाळला कीं मोडून पाहावा. लांकूड फाटलें तर सांधा चांगला, सरसाची रेघ सुटली तर त्या दिवसाचें सर्व काम फेकून द्यावें. आणि पंख तयार झाल्यावर त्यावर वीतभर वीतभर अंतरानें नाणें ठोकीत जावें. बाजारांत मडकें घेणारी बाई जसें तें वाजवून घेते, तसेंच हें. जेथें आवाज बद्द येतो तेथें आवरण गाभ्यापासून सुटलेलें असतें.

महाराष्ट्रांत घरीं बांधलेल्या विमानाचें ठळक उदाहरण मुंबईचें आहे, आणि तें ना प्लायवुडाचें ना फोमचें. कांदिवलीच्या चारकोपांत इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव ह्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें, तें धातूच्या पत्र्याचें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें सुटें करून यारीनें खालीं उतरविलें आणि वांद्रे-कुर्ला संकुलांतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत मांडलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची नोंदणी होऊन व्हीटी-एन्‌एम्‌डी हीं अक्षरें त्याला मिळालीं, आणि उड्डाणाचा परवाना हातीं पडण्यास ऑक्टोबर २०१९ उजाडलें. पत्र्याच्या विमानाचे रिव्हेट तपासनिसाला बाहेरून मोजतां तरी येतात. गच्चीवर चिकटविलेला पंख पुढें आला असता तर त्यानें कशावर सही करावी, हा प्रश्न खरोखरच बिकट आहे, आणि खात्याला सरसकट दोष देणाऱ्यांनीं मॉस्किटोची हकीकत एकवार आठवावी.

फोमच्या घराण्याचें विमान मात्र भारतांत त्याच्या पुष्कळ आधीं उडून गेलें होतें. १९८० च्या दशकांत बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें रुस्तम दमानिया ह्या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखालीं लाँगईझीच्याच आराखड्यावरून संशोधनासाठीं हलकें विमान बांधलें : पुढें चिमुकला पंख, मागें इंजिन, मागेंच पंखा. काच आणि राळ हातांत बसल्यावर त्याच प्रयोगशाळेनें ‘हंसा’ हें दोन आसनांचें शिकाऊ विमान काढलें, तें १९९३ सालीं प्रथम उडालें. दमानिया २००१ सालीं वारले. त्यांच्या त्या छोट्या विमानाचा आकार घेऊन संरक्षण संशोधन संस्थेनें मनुष्यविरहित विमान तयार केलें आणि त्याला त्यांचेंच नांव दिलें, ‘रुस्तम-१’. होसूरच्या धावपट्टीवर नोव्हेंबर २००९ मध्यें पहिल्या उड्डाणाच्या शेवटीं तें उतरतांना मोडलें. ऑक्टोबर २०१० मध्यें पुन्हा उडालें व सुखरूप उतरलें.

मनुष्यविरहित विमानांच्या ह्या कामांत नगरचाही हात आहे. शहराजवळच्या वाहन संशोधन व विकास संस्थेंत, जेथें एरवीं रणगाड्यांच्या व लष्करी गाड्यांच्या चांचण्या चालतात, तेथील अभियंत्यांनीं बंगळूरच्या दोन प्रयोगशाळांच्या जोडीनें ‘निशांत’ ह्या दुसऱ्या मनुष्यविरहित विमानासाठीं ५५ अश्वशक्तीचें वांकेल जातीचें इंजिन तयार केलें. दट्ट्या वरखालीं होण्याऐवजीं त्यांत तिकोनी चक्र फिरतें, त्यामुळें तें हलकें असतें. २००९ सालच्या एप्रिलांत कोलारच्या मैदानावरून ‘निशांत’ त्या इंजिनावर उडालें.